अकरा दिवसांचं लोह

बारकीने त्या गोळ्या अवघे अकरा दिवस घेतल्या. मी मात्र चार महिने धरून चालले होते, की ती रोज सकाळी न चुकता घेतेय.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आणि चणीनेही लहान, म्हणून घरात पडलेलं हे नाव चाळिशी ओलांडली तरी सुटलं नाही. माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहतो. मी, बारकी आणि बारकीची मुलगी. ती कॉलेजात शिकते आणि मला मावशी म्हणते. बारकीचा नवरा लग्नानंतर सातव्या वर्षी गेला. मी लग्नच केलं नाही. आई गेल्यावर घरात वडीलधारं म्हणून मीच उरले आणि तो मान मी जरा जास्तच अंगाला लावून घेतला.

बारकी रफूचं काम करायची. दोन चौक पलीकडे ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल होतं. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने चाळण केलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, असलं सगळं तिच्याकडे यायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागा उसवून काढायची आणि भिंगाखाली धरून एक उभा, एक आडवा असा विणत न्यायची. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे ठेवून म्हणायची, "सांगा बघू, कुठे होतं?" लोक खिडकीपाशी नेऊन बघायचे, उजेडात धरायचे, बोटाने चाचपायचे. सापडायचं नाही. एरवी चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी ही बाई तेव्हा लहान मुलीसारखी हसायची. दुकानाचे मालक म्हणायचे, "हिने सुई हातात घेतली की भोकालाच स्वतःची लाज वाटते."

त्या वर्षी ती जिना चढताना मधेच थांबायला लागली. आमचा जिना एकवीस पायऱ्यांचा. अकराव्या-बाराव्या पायरीवर ती कठड्याला धरून उभी राहायची आणि पिशवीत काहीतरी शोधतेय असं दाखवायची. मग माझ्या भाचीने एकदा जेवताना सांगितलं, "मावशी, आई खडू खाते." कपड्यावर खुणा करायचा तो चपटा खडू. बारकी लाजली. म्हणाली, "खात नाही गं, नुसता चघळते. बरं वाटतं." मी हसले. म्हटलं, "भिंती तेवढ्या शिल्लक ठेव." रक्त कमी झालेल्या माणसाला माती, बर्फ, खडू असलं खावंसं वाटतं हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तरीही मी हसले.

कळलं ते रक्तदानामुळे. चौकात शिबिर होतं. ड्रायक्लीनिंगवाल्या मालकांनी सगळ्या कामगारांना नेलं, तशी बारकीही गेली. तिथल्या नर्सने बोटाला सुई टोचली, थेंब बघितला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही द्यायचं कसलं, तुम्हालाच द्यायची वेळ आली आहे." हिमोग्लोबिन आठ निघालं. दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पाळीचं विचारलं. बारकी म्हणाली, जास्तच जाते. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "महिन्याने परत या. रक्त पुन्हा तपासू. वाढलं नाही तर ते जातंय कुठे ते शोधावं लागेल. नुसतं पाळीवर ढकलून चालणार नाही."

दवाखान्याचा जिना उतरताना मी बारकीला म्हटलं, "महिन्याने कशाला खेटे घालायचे? मी आहे ना."

पहिल्या दिवसापासून त्या गोळ्यांनी तिचं पोट धरलं. सकाळी घेतली की तासाभरात मळमळ सुटायची. दोनदा तर ती कामावरून तोंडाला फडकं लावून मोरीकडे पळाली. शौचाला चार-चार दिवस होईना.

"ताई, तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखं वाटतं गं," ती म्हणाली. "जेवण पुढे आलं की नको होतं."

"होतं सुरुवातीला. अंगवळणी पडेल."

"पोटात पण दुखतं. इथे, वरच्या बाजूला."

"गोळीनेच. सगळ्यांना दुखतं."

"मग थोडे दिवस बंद ठेवू का?"

यावर मी जे बोलले ते आता आठवलं तरी मला माझाच आवाज नकोसा होतो. आमच्या आईने आयुष्यात एकही औषध पुरं केलं नव्हतं. दोन दिवस बरं वाटलं की बाटली फळीवर, आणि त्या फळीवरच्या अर्ध्या बाटल्या शेवटी तिच्या मागे आम्हीच फेकल्या. बारकीने बंद ठेवू का विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती फळी आली. मी म्हटलं, "तू आईवर गेलीस. नखरे करायला वेळ आहे, गोळी गिळायला नाही. पदरात मुलगी आहे, तिचा तरी विचार कर." भाची तिथेच वही उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

बारकी म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिने तक्रार केली नाही. मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना जिन्याकडे तोंड करून ओरडायचे, "घेतलीस?" वरून उत्तर यायचं, "घेतली." दर आठवड्याला मी कपाटातलं पाकीट बघायचे. गोळ्या बरोबर कमी झालेल्या असायच्या. मला समाधान वाटायचं. वाटायचं, धाकात ठेवलं म्हणून सुधारली.

खरं काय होतं, तर बाराव्या दिवसापासून ती रोज एक गोळी पाकिटातून काढून संडासात टाकून पाणी ओतायची. हे तिच्या मुलीला ठाऊक होतं. तिने पोरीला गप्प राहायची शपथ घातली होती.

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्याच हातून घडली. दिवसभर वाकून बसल्यामुळे बारकीची मान आणि खांदा धरायचा. अंगदुखीच्या गोळ्या तिला मीच दिल्या होत्या, त्या आजाराच्याही आधीपासून. "जेवल्यावर घे" असं सांगून दिल्या आणि विसरले. दुखलं की ती दुकानाच्या खणातून स्वतःच एक पाकीट उचलायची. घरचंच दुकान, विचारायचं कोणाला? तोंडाची चव गेलेली, पोट बिघडलेलं, त्यामुळे जेवण म्हणजे दोन घास. त्या दोन घासांवर दिवसाला दोन-तीन अंगदुखीच्या गोळ्या जात होत्या. लोहाच्या गोळ्या तिने कधीच बंद केल्या होत्या, तरी पोट दुखायचं थांबलं नव्हतं. मी विचारलं असतं, तर एवढ्यावरूनही मला शहाणपण आलं असतं. पण माझ्या लेखी पोटदुखीचा आरोपी केव्हाच सापडलेला होता.

मधे एकदा दुकानात एक बाई आल्या. बस चालवायच्या. अंगावर निळा गणवेश तसाच होता. त्यांनाही लोहाच्या गोळ्या दिलेल्या, आणि गाडी चालवताना पोटात ढवळून यायचं. "मागे पन्नास माणसं बसलेली असतात हो," त्या म्हणाल्या, "मी काय करू?"

मी त्यांना स्टूल दिलं बसायला. सावकाश समजावून सांगितलं. "एवढे हाल सोसू नका. डॉक्टरांना विचारा, एक दिवसाआड घेतली तरी चालते पुष्कळांना, उलट अंगी जास्त लागते म्हणतात. उपाशीपोटी झेपत नसेल तर थोडं खाऊन घ्या. चहाबरोबर तेवढी नको. दुसऱ्या जातीची गोळी मिळते, पातळ औषध मिळतं. आणि काहीच सोसलं नाही तर शिरेतून देतात सलाईनसारखं. तासाभराचं काम. पण परत जाऊन सांगा त्यांना, आपल्या मनाने बंद करू नका."

त्या बाईंचा चेहरा सैल झाला. "एवढं कोणी सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी वळले तर बारकी जिन्याच्या दारात उभी. डबा न्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं असणार. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही, डबा." आणि गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते असं असतं. माझ्या मनात तेव्हा काहीच आलं नाही. बसवाल्या बाईंना मी शहाणा सल्ला दिला याचाच मला आनंद होता.

चौथ्या महिन्यात बारकीचा रंग पार उतरला. ओठ आणि गाल एकाच रंगाचे दिसायला लागले. मी म्हणायचे, रक्त भरायला वेळ लागतो. ड्रायक्लीनिंगवाले मालक एकदा दुकानात येऊन म्हणाले, "तुमच्या बहिणीला बघा जरा. परवा सुई हातातून पडली, तर उचलायला वाकवेना तिला." मी म्हटलं, "औषध चालू आहे." ते बिचारे गेले. औषधवालीला औषधाबद्दल आणखी काय सांगणार?

मग तो मंगळवार. संध्याकाळी दुकानात गर्दीची वेळ. चार-पाच माणसं काउंटरला टेकून उभी. बारकी कामावरून आली ती वर न जाता काउंटरच्या कडेने आत आली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, दोन-तीन दिवस झाले, शौचाला काळं होतंय. अगदी काळं."

मी एका हाताने खोकल्याचं औषध पिशवीत घालत होते. मान न वळवता, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "लोखंड खाल्ल्यावर काय सोनं पडणार आहे?"

माणसं हसली. एक म्हातारे गृहस्थ तर खोकेपर्यंत हसले. बारकीसुद्धा हसली, कारण सगळे हसत असताना ती एकटी कशी उभी राहणार? मग ती जिना चढून वर गेली. मधे थांबल्याचं मला ऐकू आलं.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, हे खरं आहे. हजारदा सांगितलंय मी लोकांना. पण ज्या बाईने साडेतीन महिने गोळी घेतलेली नाही तिचा होत नाही. ते मला ठाऊक नव्हतं आणि तिला मला सांगता येत नव्हतं. सांगायचं म्हणजे, "ताई, मी रोज खोटं बोलतेय" हे आधी सांगावं लागलं असतं, आणि तेही पाच माणसांसमोर. तरीही एक प्रश्न माझ्या हातात होता. चिकट आहे का, डांबरासारखं? वास येतो का? पोटात रक्त जात असलं की तसं होतं, शिकाऊ पोरगीही विचारते हा प्रश्न. परक्या माणसाला मी विचारलाच असता.

ती नंतर मला म्हणाली, की तिने मनाची समजूत घातली. पूर्वी घेतलेल्या अकरा गोळ्या आतड्यात कुठेतरी राहिल्या असतील आणि आता बाहेर पडत असतील, असं तिला वाटलं. ताई हसली म्हणजे घाबरण्यासारखं नसणार, असंही वाटलं.

गुरुवारी सकाळी साडेअकराला मालकांचा फोन आला. "लगेच या," एवढंच म्हणाले. मी दुकान तसंच उघडं टाकून धावले. मागच्या खोलीत बारकी टेबलाखाली कुशीवर पडली होती. शेजारी कपडे धुवायची बादली, आणि बादलीत जे होतं ते कॉफीच्या गाळासारखं काळपट आणि त्यात ताजं लाल. इस्त्रीवाली बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. टेबलावर कोणाचा तरी राखाडी कोट अर्धा रफू झालेला, सुई तशीच लटकत. बारकीने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "कोटाला लागलं नाही ना?"

मालकांनी कपडे पोचवायच्या गाडीतूनच आम्हाला हॉस्पिटलात नेलं. मागे हँगरवरचे कपडे हलत होते आणि त्यांच्या मधे मी बारकीचा हात धरून बसले होते. हात गार आणि ओला. नाडी लागत होती, पण धाग्यासारखी.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले. वय काय, आधी काय झालंय, औषधं कोणती चालू आहेत. मी सराईतपणे सांगायला लागले, "लोहाच्या गोळ्या, चार महिन्यांपासून, रोज एक."

"शौचाचा रंग?"

"काळा. पण तो गोळ्यांमुळे."

भाची कॉलेजातून थेट तिथे आली होती. दप्तर पाठीवरच होतं. ती माझ्या मागून म्हणाली, "नाही मावशी."

"काय नाही?"

"आई गोळ्या घेत नाही. अकरा दिवस घेतल्या तिने. मग टाकून द्यायची." आणि डॉक्टरांकडे वळून ती रडत रडत म्हणाली, "त्या मानेच्या गोळ्या घेते ती. त्या खूप घेते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावले नाहीत, नुसतं लिहून घेतलं आणि आत गेले. मला खाली बसायला जागा सापडेना. समोर बाक होतं, पण ते मला दिसलंच नाही, असं भाचीने नंतर सांगितलं.

पोटात कॅमेरा घालून बघितलं तर जठरात मोठी जखम, आणि तिच्या तळाशी उघडी पडलेली शीर. ती त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या. हिमोग्लोबिन चारवर उतरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला समजावलं. अंगदुखीच्या गोळ्यांनी पडलेली ती जखम बरेच महिने हळूहळू पाझरत असणार. पहिल्यांदा रक्त कमी निघालं तेव्हाही बहुधा थोडं तिथूनच जात होतं. "महिन्याने परत तपासणी केली असती तर रक्त वाढत नाही हे दिसलं असतं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बोलावलं नव्हतं का?"

"बोलावलं होतं," मी म्हटलं.

आठवडाभराने, जखम भरू लागल्यावर, त्यांनी तिला शिरेतून लोह दिलं. चहाच्या रंगाची एक लहानशी बाटली टांगली. बारकी उशीला टेकून बसली होती, मी शेजारी. मळमळ नाही, कळ नाही, तोंडात गंजाची चव नाही. पाऊण तासात बाटली रिकामी झाली आणि नर्सने सुई काढून कापूस दाबला.

बारकीने विचारलं, "झालं?"

"झालं," नर्स म्हणाली. "आठवड्याने अजून एक घ्यायची."

"एवढंच होतं?" बारकी म्हणाली. ती कोणाला टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लोकांना धडा म्हणून सांगत फिरले असते. पण मधे, तिसऱ्याच दिवशी, एक गोष्ट झाली होती. सकाळी तिला थोडी पेज दिली, तर ती वाटी तिरकी धरत होती. भाचीने वाटी सरळ केली. बारकी म्हणाली, "ताई, या डोळ्याने खालचं दिसत नाहीये. राखाडी पडदा ओढल्यासारखं." तिने उजवा डोळा हाताने झाकला. "तुझं डोकं दिसतं. हात दिसत नाहीत."

डोळ्यांचे डॉक्टर आले, त्यांनी दिव्याने बघितलं, यंत्रावर बसवलं. रक्त आधीच कमी, त्यात एकदम इतकं गेलं, तेवढ्या वेळात डाव्या डोळ्याच्या नसेला रक्ताचा पुरवठा झाला नाही, असं म्हणाले. क्वचित होतं, म्हणाले. मी विचारलं, परत येईल? ते म्हणाले, "थोडंफार. फार धरून बसू नका."

आलं नाही. आज दीड वर्ष झालं.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवस आम्ही दोघी नुसतं कामापुरतं बोलत होतो. एका दुपारी दुकान बंद करून मी वर आले तेव्हा ती खिडकीत बसली होती, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा मी म्हटलं, "दे इकडे." तिने दिलं नाही.

मी तिथेच जमिनीवर बसले. "बारके, मला सांगायचं होतंस गं."

"सांगितलं होतं की. पोट दुखतं म्हणाले, चव गेली म्हणाले."

"गोळी बंद केलीस ते सांगायचं होतंस."

ती सुईकडेच बघत राहिली. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस? समोर बसून गिळायला लावली असतीस. तू तशीच आहेस ताई. मला लहानपणी दूध पाजायचीस नाक दाबून, तशी."

मी जमिनीवर घरंगळलेलं दोऱ्याचं रीळ उचलून तिच्याजवळ ठेवलं.

"त्या बसवाल्या बाईंना सांगत होतीस ना," ती म्हणाली, "मी दारात उभी होते. मला वाटलं, आता वळेल आणि मलाही सांगेल. मी डबा हातात घेऊन उभीच होते. मग तू म्हणालीस, काय गं?"

"तेव्हा तरी बोलायचंस."

"हो, बोलायला हवं होतं. खोटं मी बोलले, ते काही तू बोलायला लावलं नाहीस. पोरीलाही त्यात ओढलं. तिला रात्र रात्र झोप नाही आता, माहितेय तुला? तिला वाटतं तिच्यामुळे झालं." तिने दोरा ओठांत ओला करून पुन्हा प्रयत्न केला. "मला वाटायचं, दोन-चार महिने काढले की आपोआप बरं होईल आणि तुला कळणारही नाही. उगाच तुझी बोलणी कशाला खा."

बोलणी खाण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात घोळवलं असेल, सांगता येत नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे गं." ते तिने मनापासून म्हटलं. पण असू दे म्हटलं म्हणून झालेलं नाहीसं होत नाही, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं.

दोन महिन्यांनी ती कामावर गेली. मालक भले माणूस. टेबल तसंच ठेवलं होतं, वर भिंगाचा नवीन दिवाही लावला होता. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी काळ्या लोकरीच्या कोटाची बाही आणली. बारकीला त्या कामाला पूर्वी दीड दिवस लागला असता. या वेळी चार दिवस लागले. बाई घ्यायला आल्या तेव्हा योगायोगाने मी तिथे होते. बारकीने नेहमीसारखा कोट पुढे ठेवला, पण ते वाक्य म्हणाली नाही. बाईंनी बाही एकदाच बघितली आणि बोट ठेवलं. "हे का?" त्या साधेपणाने म्हणाल्या, "ठीक आहे, लांबून कळत नाही." आणि कोट घेऊन गेल्या.

बारकीने भिंगाचा दिवा बंद केला. मालकांना म्हणाली, "रफूची कामं आता घेत जाऊ नका." मालक म्हणाले, "अहो, सवय होईल." ती म्हणाली, "नाही होणार. मला कळतं ना माझं काम."

आता ती बटणं लावते, चेन बदलते, पँटचे पाय खालून दुमडून शिवते. ती कामंही नेटकी करते. पण कामावरून आल्यावर काय काय आलं होतं ते जेवताना सांगायची तिची जी सवय होती, ती मोडली. चेनीबद्दल काय सांगणार?

दुकानात मी काही गोष्टी बदलल्या. लोहाच्या गोळ्या न्यायला कोणी आलं की मी आधी विचारते, परत कधी बोलावलंय? जवळ अंगदुखीच्या गोळ्या आहेत का? पोट कसं आहे? लोक कंटाळतात. काहींना घाई असते. तरी विचारते. काहींना परत डॉक्टरकडे पाठवते. एक-दोघी नंतर येऊन म्हणाल्या, बरं झालं पाठवलंत. मी मान डोलावते. ते ऐकून बरं वाटायला हवं, आणि वाटतंही, पण थोडाच वेळ.

भाचीला मी एकदा जवळ बसवून सांगितलं, की तुझं काही चुकलं नाही, तुझ्या आईचं शपथ घालणं चुकलं आणि माझं तर सगळंच. ती म्हणाली, "माहितेय मावशी." मग थोड्या वेळाने, "पण मी सांगायला हवं होतं." इतक्या लहान वयात हे वाक्य तिच्या वाट्याला आलं, त्याला इलाज माझ्या कपाटात नाही.

बारकीचं हिमोग्लोबिन आता बारा आहे. जिना ती एका दमात चढते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासून येते. पहिल्या दोन वेळा मी बरोबर गेले होते. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तू कशाला दुकान बंद ठेवतेस, मी जाते की." आणि गेली.

गेल्या महिन्यात मी दुपारी वर आले तर ओट्यावर एक कागदी पिशवी होती. आमच्या दुकानाची नव्हती. बाजारापलीकडे एक नवीन औषधाचं दुकान झालंय, त्याची हिरवी पिशवी. वरून पोटाच्या गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं. त्याच गोळ्या माझ्याकडे खाली, तिसऱ्या खणात, शंभर तरी असतील. बारकी आतून आली. तिने पिशवी उचलली, घाई न करता, लपवल्यासारखी मुळीच नाही, आणि आपल्या कपाटात ठेवली.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव," मी म्हटलं.